तपासनीसबाई आणि छातीतला डाग

४ मार्च

मायना लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. ‘प्रिय’ लिहावं तर खोटं ठरेल, आणि नुसतं नाव लिहावं तर कोर्टाची नोटीस वाटेल. तेव्हा थेट कामाचं लिहिते.

माझ्या छातीत डाग निघाला आहे. उजव्या फुफ्फुसात, वरच्या कप्प्यात, कोटाच्या बटणाएवढा. मोतीबिंदू काढायचा होता म्हणून छातीचा फोटो काढला, तर डोळा राहिला बाजूला आणि हे पुढे आलं. खोकला नाही, ताप नाही, तिसऱ्या मजल्यावर अजून जिन्याने जाते. मग मोठ्या यंत्रात घालून आणखी फोटो झाले. डाग आहे, खरा आहे. कसला आहे ते काढल्याशिवाय सांगता येत नाही म्हणतात. जागा अशी अडचणीची आहे की बाहेरून सुई पोचत नाही.

आता तुला का कळवते आहे? थोरल्या बहिणीची माया उतू गेली असं समजू नकोस. मला एक माहिती हवी आहे आणि ती तुझ्याइतकी दुसऱ्या कुणाकडे नाही. आजाऱ्याशी खोटं कसं बोलतात?

बाबांची छाती काखेपासून पाठीपर्यंत उघडली होती. डॉक्टरांनी आत पाहिलं, करण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून तशीच शिवून टाकली. आणि तू थिएटरच्या दारातून बाहेर येऊन म्हणालास, “गाठ काढली, ताई. आता काळजी नाही.” बाबांना तेच सांगितलंस, मलाही तेच. मी निश्चिंत मनाने परगावच्या डेपोत कामावर रुजू झाले. रजा शिल्लक असून घेतली नाही. बाबा बरे होत आहेत, मग रजा कशाला? उन्हाळा संपायच्या आत ते गेले आणि मी पोचले तेव्हा घरात सगळं आवरून झालं होतं.

तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा एक सुरकुतीसुद्धा हलली नव्हती. मी बसमध्ये विनातिकीट माणसं पकडायचा पगार घेत होते, आणि घरातला माणूस माझ्या हातून निसटला. म्हणून विचारते. माझ्याशीही आता हेच होणार. मनी, जावई, डॉक्टर, सगळे एकत्र. मी कशावरून ओळखू, तेवढं कळव.

११ मार्च

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती, पण टपालपेटी उघडून पाहते.

सर्जनला भेटून आले. बाई आहे, मनीपेक्षा लहान असेल. हसतमुख. मला हसतमुख माणसांची भीती वाटते. बसमध्ये चेकर चढली की जो सगळ्यांत आधी गोड हसतो त्याचा खिसा मी पहिला तपासायचे.

तिने कागदावर माझी छाती काढून दाखवली. काखेच्या खाली तीन भोकं पाडणार, दोन बोटाच्या टोकाएवढी आणि एक जरा मोठं. एकातून दुर्बीण आत जाते आणि आतलं सगळं पडद्यावर दिसतं. बाकीच्यांतून लांब दांड्यांची अवजारं. बरगड्या कापायच्या नाहीत, ताणायच्याही नाहीत. त्या बाजूचं फुफ्फुस तेवढा वेळ हवा काढून मिटवून ठेवतात आणि आपण दुसऱ्यावर श्वास घेतो. डागाचा तुकडा पिशवीत घालून बाहेर ओढायचा आणि मी टेबलावर असतानाच तपासायला पाठवायचा. वाईट निघाला तर वरचा कप्पा सगळाच काढायचा. मग बरगड्यांमधून एक नळी ठेवायची, तिचं दुसरं टोक बाटलीत. दुसऱ्या दिवशी चालायचं, चार-पाच दिवसांत घरी.

मी म्हटलं, “बाई, आमच्या वडिलांना अर्ध्या अंगाला चीर दिली तरी काही काढता आलं नाही. तुम्ही बटणाच्या काजातून कप्पाच्या कप्पा काढणार?”

ती म्हणाली, फुफ्फुस स्पंजासारखं असतं, हवा गेली की लहान होतं. आणि मग, एखादी किरकोळ गोष्ट सांगावी तसं, “लागलंच तर मोठी चीर घ्यावी लागते. रक्तस्राव झाला किंवा नीट दिसलं नाही तर. क्वचित होतं, पण तुम्हाला आधी माहीत असायला हवं.”

कळलं ना? पळवाट आधीच बांधून ठेवली आहे.

पण मला खरा संशय तिचा नाही आला. मनीचा आला. तुझी भाची पार्लर चालवते, हे तुला माहीत असेल किंवा नसेल. केस कापणं, रंगवणं, नवऱ्यामुलींना सजवणं, यात तिचा हात कुणी धरणार नाही. शरीराच्या आतलं तिला काडीचं कळत नाही. शाळेत बेडूक कापायच्या दिवशी घरी बसली होती. ती परवा सर्जनबाईंना विचारते, “दुखू नये म्हणून इंजेक्शन कण्यात देणार की बरगड्यांच्या मधल्या शिरांजवळ?” वर आणखी विचारते, “नळीतून हवा येत राहिली तर ती किती दिवस ठेवाल?”

सर्जनबाई चकित झाल्या. मी तर खुर्चीतच खिळले. पार्लरमध्ये या गप्पा कोण मारतं? कुठेतरी पाणी मुरतं आहे. या दोघी माझ्यामागे आधीच भेटल्या आहेत, आणि माझ्यापुढे पहिल्यांदा भेटल्याचं नाटक चाललं आहे, असं मला वाटतं.

घरी येताना मनीला विचारलं. ती म्हणाली, “इंटरनेटवर वाचलं गं, आई.” आणि बसच्या खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक गॅरेज आणि एक बंद दुकान.

१८ मार्च

उद्या ऑपरेशन. आजच भरती झाले. खोलीत दोन खाटा आहेत. शेजारची बाई झोपते किंवा झोपल्याचं सोंग करते.

सकाळपासून एक मास्तरीण येऊन श्वास शिकवते आहे. प्लास्टिकच्या डबीत तीन गोळे आहेत. नळी तोंडात धरून हवा आत ओढायची आणि गोळे वर चढवायचे. दोन चढतात, तिसरा माझ्यासारखाच हट्टी आहे. ऑपरेशननंतर हे तासातासाला करायचं, नाहीतर फुफ्फुसाच्या तळाला कफ साचतो म्हणे. खोकताना उशी छातीशी आवळून धरायची.

पण उशी माझ्याकडे आधीच होती! मनीने घरून आणलेली, लहान आणि घट्ट. मास्तरणीने अजून सांगितलंही नव्हतं. पुढून बटणं असलेले दोन गाऊनही तिने शिवून आणले, कारण म्हणे हात वर उचलून डोक्यातून कपडा घालता येणार नाही. हे तिला कोणी सांगितलं? “डॉक्टरांनी.” कधी? “मागच्या वेळी.” मागच्या वेळी मी तिथेच बसले होते, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

तुला आमची एक पद्धत सांगते. कंडक्टरवर संशय असला की एकच प्रश्न दोनदा विचारायचा, मध्ये दुसरं बोलून. खरं बोलणारा दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत सांगतो, कारण तो आठवून सांगतो. खोटं बोलणाऱ्याने पाठ केलेलं असतं. मी मनीला दुपारी पुन्हा विचारलं, गाऊनचं कोण म्हणालं. ती शब्दाला शब्द जुळवून म्हणाली, “डॉक्टरांनी. मागच्या वेळी.”

तेव्हा सांगायचं एवढंच की तिला सगळं माहीत आहे आणि मला नाही. डाग कसला आहे हेही तिला कळलेलं असणार. तू असतास तर काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तू नाहीस ते बरं आहे.

मला मरायची एवढी धास्ती नाही. पण कुणी मला बरी झालीस म्हणून सांगावं, मी पुढच्या वर्षाचे बेत करत बसावं, आणि आजूबाजूच्यांनी ते बघत राहावं, हे मी सहन करणार नाही. बाबा शेवटच्या महिन्यात नवीन चप्पल निवडत होते. ते मला शेजाऱ्यांकडून कळलं.

२३ मार्च

जिवंत आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे, उजवा हात अजून रुसलेला आहे.

शुद्धीवर आले तेव्हा घसा खरवडल्यासारखा झाला होता. छातीपेक्षा खांदाच जास्त दुखत होता, त्याला तर कुणी हातही लावलेला नाही. सर्जनबाई आल्या आणि म्हणाल्या, तुकडा टेबलावर तपासला, वाईट होता, म्हणून वरचा कप्पा काढला. सगळं भोकांतूनच झालं, मोठी चीर लागली नाही.

वाईट होता, हे त्या माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. क्षणभर मला विश्वास ठेवावासा वाटला. पण दुधाने तोंड पोळलेलं माणूस मी. अर्धं खरं सांगून उरलेलं झाकायची युक्ती जुनी आहे. दहाची नोट उघड हातात धरायची, म्हणजे शंभराची कुणी शोधत नाही.

म्हणून मी तपास सुरू केला. आरशासमोर उभी राहून गाऊन बाजूला केला. तीन भोकं सांगितली होती, टाके दोनच ठिकाणी! मी बेल दाबून नर्सला बोलावलं आणि तिसरं कुठे आहे म्हणून जाब विचारला. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. मग माझ्या बरगडीकडे बोट दाखवून म्हणाली, “आजी, तिसऱ्यातूनच तर नळी बाहेर आली आहे.” शेजारच्या खाटेवरून हसण्याचा आवाज आला. म्हणजे ती झोपत नव्हतीच.

तरी मी हरले नाही. काढलेला कप्पा मला दाखवा म्हटलं. तो तपासणीला गेला होता. सर्जनबाईंनी फोनवर त्याचा फोटो दाखवला. गुलाबी-काळपट, ओल्या कापडाच्या घडीसारखा. मी म्हटलं, “हा माझाच कशावरून? दुसऱ्याचं तिकीट दाखवलेलं मी आजवर चालवून घेतलं नाही.” त्या मोठ्याने हसल्या. मी हसले नाही. हसलं की नळीपाशी कळ येते.

या नळीचं सांगते. कापल्याचं दुखणं काही नाही तिच्यापुढे. कूस बदलली की टोचते, खोकलं की बाटलीत बुडबुडे येतात. बुडबुडे म्हणजे फुफ्फुस अजून कुठून तरी गळतं आहे. ते थांबले की नळी निघते. मी बाटली घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारते. मनी माझ्या मागून येत सारखी बडबडते: “आई, नळी निघाली की अर्धं दुखणं जातं बघ. काढताना खोल श्वास घ्यायचा आणि धरून ठेवायचा. छातीखाली बधिर वाटेल, परीटघडीचा कपडा चिकटल्यासारखं, ते महिनोन् महिने राहतं, त्याला घाबरायचं नाही.”

मी विचारलं, हे कोण म्हणालं? “डॉक्टर.” संध्याकाळी सर्जनबाई आल्यावर मनीच्या देखतच विचारलं, परीटघडीच्या कपड्याचं तुम्ही सांगितलंत का? त्या म्हणाल्या, “नाही बुवा. पण अगदी बरोबर आहे. हे आम्हाला इतकं नेमकं सांगता येत नाही. ज्याच्या अंगावर गेलं आहे तोच असं सांगेल.”

मनीचा चेहरा पडला. रंगेहाथ पकडलेल्या माणसाचा चेहरा मी नोकरीभर पाहिला. पकडल्यावर जो आनंद व्हायचा, तो मात्र या वेळी झाला नाही.

२५ मार्च

तर तो तू होतास.

मनीने काल सगळं सांगितलं. नळी निघाल्यावर. (अर्धं दुखणं जातं, हे खरं आहे.) गेल्या वर्षी तुझ्याही छातीत निघालं, तूही याच रीतीने काढून घेतलंस आणि कुणाला कळवलं नाहीस. सही करायला घरमालकाला घेऊन गेलास. परत आल्यावर कपडे डोक्यातून निघेनात म्हणून तू शर्ट कात्रीने कापून काढलास. उशी नव्हती म्हणून खोकताना टॉवेलची गुंडाळी धरलीस.

माझी पत्रं तुला पोचत होती, आणि प्रत्येक पत्र वाचून तू मनीला फोन करत होतास. कण्यातल्या इंजेक्शनचं विचार. पुढून बटणं लाव. खाटेची उशाकडची बाजू वर ठेव. डॉक्टरांना सांग तिला सगळे फोटो पडद्यावर दाखवा, ती ऐकून विश्वास ठेवत नाही. आणि माझं नाव काढू नकोस, माझ्याकडून आलं म्हटलं तर ती मुद्दाम उलटं करेल.

हे शेवटचं खरं आहे. मी उलटंच केलं असतं.

म्हणजे मी दोन आठवडे माझ्या लेकीला आरोपी करून उभं केलं होतं, आणि ती तुझा निरोप पोचवत होती. चोर होता पण चोरी वेगळीच निघाली. मला राग आला, मग रडू आलं, मग रडताना टाक्यांना ताण बसतो म्हणून ते थांबवलं. मनीने उशी दिली.

बाबांचं मी माफ केलेलं नाही. ते वेगळं आहे आणि वेगळंच राहील.

३ एप्रिल

घरी आहे. सकाळी गच्चीवर आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालते. तिसरा गोळा वर चढायला लागला. उतारावर धाप लागत नाही, चढावर लागते. जड उचलायचं नाही म्हणून जावई बादली भरून ठेवतो आणि मी ती अर्धवट भरली म्हणून बोलते.

काल सर्जनबाईंकडे शेवटचा अहवाल घ्यायला गेलो. त्यांनी तो माझ्या हातात दिला, मनीच्या नाही. डाग वाईट होता, पण कडा स्वच्छ आहेत. आजूबाजूच्या गाठींत काही पसरलेलं नाही. औषधाचे डोस लागणार नाहीत. दर काही महिन्यांनी फोटो काढायचा, एवढंच.

तुला वाटेल मी उलटतपासणी घेतली असेल. घेतली नाही. त्यांना फक्त म्हटलं, “बाई, हे खरं आहे?” त्या म्हणाल्या, “हो. वाईट असतं तर तेही असंच तुमच्या हातात दिलं असतं.” मी विश्वास ठेवला. का ठेवला, माहीत नाही. कंटाळले असेन.

बाहेर आल्यावर बाकावर बसलो. मी मनीला विचारलं, मामाचा अहवाल काय आला होता? तिने पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. मी तिला कोंडीत पकडलं नाही, दोनदा फिरवून विचारलं नाही. म्हटलं, “मने, मला सांग. मला माहीत असायला हवं.” मग तिने सांगितलं. तुझ्या गाठींत पसरलं होतं. डोस झाले. आता दुसऱ्या बाजूला नवीन डाग दिसतो आहे आणि सतरा तारखेला तुझं पुन्हा ऑपरेशन आहे, डावीकडचं. तू तिला शपथ घातली होतीस की ताईला सांगू नकोस, तिचं आत्ताच झालं आहे. सही करायला पुन्हा तोच घरमालक.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तू पहिल्या वेळी डॉक्टरांना बजावलं होतंस की मला सगळं खरं सांगा. त्यांनी सांगितलं. ते निघून गेल्यावर खोलीत कुणी नव्हतं. तू मनीला म्हणालास, “खरं ऐकून झालं, आणि मग तासभर तरी कुणी येऊन खोटं बोलावं असं वाटत राहिलं.”

हे वाक्य मी काल रात्रीपासून घेऊन बसले आहे. मी अशी आहे की मला हे कधी सुचलंच नसतं.

९ एप्रिल

फोन तू उचलत नाहीस. पत्र तरी वाचतोस, हे आता कळलं आहे.

सर्जनबाईंना विचारलं. बसचा प्रवास चालेल म्हणाल्या. मध्ये उतरून चालायचं, पाणी प्यायचं आणि सामान उचलायचं नाही. मनी सोबत येते आहे, तिने पार्लर चार दिवस बंद ठेवायचं ठरवलं आहे. पंधराला निघतो, सोळाला तुझ्याकडे. घरमालकाला सांग की सही बहीण करणार आहे. दवाखान्यातही सांगून ठेव की रुग्णाची थोरली बहीण येते आहे आणि तिला प्रश्न फार असतात.

पुढून बटणं असलेले तीन शर्ट आणते आहे. माप जुनंच धरलं आहे. मनी म्हणते तू खूप उतरला आहेस, म्हणून शिवणीत घडी घातली.

तू शुद्धीवर येशील तेव्हा मी खुर्चीत असेन. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलंस तर सांगेन, जसंच्या तसं, वाईट असलं तरी. आणि आधी तासभर दुसरं काही ऐकावंसं वाटलं, तर नुसता हात दाब. मी आयुष्यात कधी तसं बोलले नाही, मला जमेल की नाही माहीत नाही. पण तेवढा एक तास मी खोटं बोलेन.

ताई